लिलावाला न निघालेलं कोहळं

ताट दानीएलपुढून तसंच पुढं सरकलं, हे निवृत्तीआबांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मेहकरच्या त्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर फिरत असताना रांगेच्या टोकाला उभं राहून दोन शब्द बोलायचा मान कित्येक वर्षं त्यांचा होता. मंडळीतले सगळ्यांत जुने पंच ते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तेच सांगत, की हात पुढं करायच्या आधी स्वतःला तपासा, मनात खोट असेल तर ताट पुढं द्या, त्यात लाजायचं काही नाही. लोक माना डोलवत आणि तुकडा उचलत. ताट खरोखर पुढं देणारं माणूस आबांनी फारसं पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं, तर तो त्यांचा नातू निघाला.

दानीएलच्या शेजारी त्याचा काका बसला होता, आबांचा थोरला मुलगा सिलास. पुतण्याच्या हातातून ताट त्याच्याकडं आलं. सिलासनं भाकरीचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि खाली मान घालून तो नेहमीसारखा पुटपुटत राहिला. पलीकडं बायकांच्या बाकांवर दानीएलची आई कोकिळा बसली होती. तिच्या मागच्या दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलेलं तिला न वळताही कळलं.

दुसऱ्या कुठल्या रविवारी हे चाललं असतं. पण आज हंगामाची उपकारस्तुती होती. सोयाबीन घरात आलं की मंडळीतले लोक आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक आणून मेजापुढं ठेवत. कुणी पायलीभर धान्य, कुणी भेंड्या, कुणी कोंबडी. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होई. अवसरमोलांच्या घरून दरवर्षी बांधावरच्या वेलाचं सगळ्यांत मोठं कोहळं येई. लाल भोपळ्याला आपल्याकडं कोहळंच म्हणतात, आणि अवसरमोलांचं कोहळं उचलायला दोन माणसं लागतात हा गावातला जुना विनोद होता. या वर्षी ते कोहळं दानीएलच्या नावानं ठेवलं होतं. पोलीस भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं होतं. पाळकांनी सुरुवातीलाच ते सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजत असताना पोरगा खाली पाहत होता, तेव्हा आबांना वाटलं होतं की पोरगा नम्र आहे.

उपासना सुटली. लिलाव पुकारायचं कामही आबांचंच, कारण त्यांचा आवाज मोठा आणि जीभ तिखट. बोली चढवताना ते कंजूस माणसाला नाव घेऊन चिडवत आणि लोक त्यासाठीच थांबत. आज ते पायऱ्यांवर उभे राहिले तोच दानीएल त्यांच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आबा, आपलं कोहळं लिलावात काढू नका."

"काऊन?"

"ते माह्या नावानं ठेवलंय. मले आधी एका जागी जायचंय."

आबांनी पुढं विचारलं नाही. रविवारच्या शाळेत या पोराला त्यांनीच शिकवलं होतं, की दान वेदीपाशी आणलं आणि तिथं आठवलं, की एखाद्या भावाचं आपल्याशी बिनसलंय, तर दान तिथंच ठेवावं, आधी भावाकडं जावं आणि मग येऊन अर्पण करावं. शिकवताना ते अगदी सोपं वाटे. आबांनी भेंड्या पुकारल्या, कोंबडी पुकारली, कुणालाही चिडवलं नाही. शेवटी कुणीतरी विचारलंच, की आबा, तुमचं कोहळं काय घरी परत नेता का. "ते आज राहू द्या," एवढंच आबा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

कोकिळाच्या मनात घरी पोचायच्या आधी वाटेवरच सगळं शिजून झालं होतं. तरणं पोरगं ताट पुढं देतं म्हणजे पोरीचं लफडं असणार, दुसरं काय. कोण असेल, कुणाची असेल, हेही तिनं ठरवून टाकलं. नवरा शांतवन गेल्यापासून शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवून तिनं हा मुलगा वाढवला होता. सिलासभाऊजींनी त्याच्या क्लासची फी भरली, बूट आणले, पहाटे लोणार रोडवर पळायला जाताना मागं मोटारसायकल लावली. भरतीची यादी लागली त्या दिवशी तिनं पहिल्यांदा शेजारच्या, शाळेत बरोबरच शिजवणाऱ्या झुंबरबाईला सांगितलं होतं, की आता चुलीपुढचे माझे दिवस संपले. मंगळवारी बुलढाण्याला वैद्यकीय तपासणी होती. त्यानंतर नेमणुकीचा हुकूम येणार होता. एवढ्या दोन पावलांसाठी पोरानं काही खुळेपणा करू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

सगळे जेवायला बसले. सिलासची मुलगी निशिगंधा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीला आलेली. ती रस्सा वाढत होती. भाकरी ताटात तशीच ठेवून दानीएल बोलायला लागला.

"माह्या नडगीचं दुखनं सगळ्यायले ठाऊक हाय. भरतीत पळायच्या आदल्या दिवशी काका मले एका कंपाउंडरकडं घेऊन गेला. त्यानं सुई देल्ली. दुसऱ्या दिवशी पाय दुखला नाई, दमही लागला नाई. मी जेवढा पळलो तेवढं माह्यं नव्हतं."

कोकिळाला आधी बरंच वाटलं. पोरगी नव्हती तर. मग तिनं सिलासकडं पाहिलं आणि तिला कळलं की गोष्ट त्याहून वाईट आहे.

सिलासनं पाण्याचा पेला खाली ठेवला. तो शांतपणे म्हणाला, की त्यात नवल काय आहे. मैदानाबाहेर सुया घेतलेली पोरं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. पकडलं कुणालाच नव्हतं. जे झालं ते झालं, त्याची जाहिरात चर्चमध्ये करायची काय गरज होती, हा त्याचा मुद्दा होता. "सगळेच घेतात बे," तो म्हणाला.

"शाकिरनं नाई घेतली."

शाकिर या घराला परका नव्हता. गादीवाल्या सईदचा हा मुलगा दोन वर्षं दानीएलबरोबर पळत होता. या घरात तो जेवला होता, नाताळचे लाडू त्याच्या घरी गेले होते आणि ईदचा शीरखुर्मा इकडं आला होता. यादीत शेवटचं नाव दानीएलचं होतं आणि प्रतीक्षा यादीत पहिलं शाकिरचं. मधे अंतर होतं ते एका गुणाचं.

"तू त्याले आता सांगून काय होनार?" कोकिळा म्हणाली. "ती माह्या पोराची नोकरी हाय. सोडायची भाषा तोंडातून काढू नको."

सिलासला आधार मिळाला. तो सरसावून बसला आणि त्यानं रस्ता काढला. नोकरी लागू दे, पहिला पगार अख्खा देवाला दे, आयुष्यभर कमाईचा दशांश दे, शाकिरला पुढच्या भरतीत मदत कर. मनातल्या मनात पश्चात्ताप कर, देव मन पाहतो. तो हे मनापासून बोलत होता आणि त्यामुळंच ते ऐकायला चांगलं वाटत होतं. कोकिळा मान हलवत राहिली.

निशिगंधा भांडं हातात घेऊन उभीच होती. बापापुढं बोलायची तिला सवय नव्हती. "देवाले पगार देऊन शाकिरची जागा त्याले भेटते का, पप्पा?" असं ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. सिलासनं तिला गप्प बसवलं नाही, म्हणून तीच आत निघून गेली.

"काका, सुईचं एवढं नाई," दानीएल म्हणाला. "सुई टोचायच्या आधी तू माह्या डोक्यावर हात ठेवला. प्रभू, या सुईले यश दे, अशी प्रार्थना केली. अन् मी आमेन म्हटलं."

निवृत्तीआबांनी डोळे मिटून घेतले.

"तवापासून मले प्रार्थनाच करता येऊन नाई राह्यली. रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हनतो, आमाले परीक्षेत आनू नको, मोहात पाडू नको. अन् त्याच्यापुढं तोंड उघडतच नाई. परीक्षेत मले सैतानानं नाई नेलं, आबा. घरच्या मानसानं मोटारसायकलवर नेलं, वरून प्रार्थना केली अन् मी त्याले देवाची मर्जी समजलो. प्रभुभोजनाच्या मागच्या दोन्ही रविवारी मी तापाचं अन् क्लासचं निमित्त काढून घरी राह्यलो. आज उपकारस्तुतीच माह्या नावाची. ताट जवळ आलं अन् मले कळलं, का बाकी सगळं दुसऱ्यानं केलं तरी चालते, पन हे माह्याऐवजी कोनी उचलू शकत नाई."

सिलासला त्या प्रार्थनेत कधी काही वावगं वाटलंच नव्हतं. तो प्रत्येक गोष्टीवर हात ठेवून प्रार्थना करत आला होता, विहिरीवरच्या मोटारीवर, नव्या बैलावर, निशिगंधाच्या प्रवेश अर्जावर. धाकटा भाऊ शांतवन सरकारी दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होता तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून सिलासनं कबूल केलं होतं, की तुझ्या पोराला उघडं पडू देणार नाही. त्या कंपाउंडरच्या खोलीत त्याला तो शब्द आठवला होता. तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. आणि आता भर जेवणात पुतण्या सांगत होता, की ज्याला तू प्रेम समजलास त्यानं माझं तोंड बंद केलं. त्याला राग आला, आणि रागाखाली जे होतं त्याच्याकडं पाहायची त्याची तयारी नव्हती.

"म्या तुह्यासाठी केलं," तो उठत म्हणाला. "तुह्या बापाले शब्द देल्ला होता. तू मले आज सगळ्यायपुढं चोर ठरवलं." तो दारातून बाहेर पडला आणि बराच वेळ अंगणात मोटारसायकल पुसत राहिला, स्वच्छ असलेली.

आता घरातले सगळे आबांकडं पाहू लागले. आबा पंच होते, त्यांनी सोड म्हटलं असतं तर पोरगं सोडणार होतं आणि धर म्हटलं असतं तर कोकिळा त्यांच्या पाया पडली असती. आबांना मनातून वाटत होतं, की पोरगा पोलीस व्हावा. तालुक्यात अवसरमोलांचा नातू खाकीत दिसावा, हे त्यांनी कितीतरी वेळा डोळ्यांपुढं आणलं होतं. लोकांना टाळ्या वाजवायला सांगा, असं पाळकांना त्यांनीच सुचवलं होतं.

"मी काही सांगनार नाई," ते शेवटी म्हणाले. "आजवर मीच सांगत आलो, हात पुढं करायच्या आधी तपासा म्हनून. पहिल्यांदा कोनी ऐकलं. आता मीच नको कसं म्हनू? तू गेला तरी माह्या पोटात तुटेल, नाई गेला तरी तुटेल."

दानीएल आईकडं वळला. त्यानं सांगितलं, की उद्या बुलढाण्याला कचेरीत जाऊन तो सगळं लिहून देणार, कारणासकट. परत कधी भरतीला उभं राहू देतील की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याआधी आज शाकिरला तोंडानं सांगायचं होतं.

कोकिळा त्याच्याकडं पाहत राहिली. सकाळपासून ती या पोरासाठी घाबरत होती, की वाईट मार्गाला लागला असेल. आता तो चांगल्या मार्गाला लागला होता आणि तिला जास्तच भीती वाटत होती. चूल, धूर, खिचडीची ती मोठी पातेली, सगळं परत आलं. ती रडली, पदरानं तोंड पुसलं आणि भाकरीचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"उपाशी जाऊ नको," ती म्हणाली. "जेव. मग जाय."

सईदच्या दुकानात रविवारीही काम चालू होतं. लग्नसराई जवळ आली होती. खोलीभर कापूस उडत होता आणि शाकिर तोंडाला रुमाल बांधून गादीत कापूस भरत होता. दानीएल दारात उभा राहिलेला पाहून शाकिरच्या आईनं, सुगराबीनं आतूनच विचारलं, की साहेब झाल्यावर दिसेनासा झालास, चहा घेशील ना. दानीएल म्हणाला, आधी बोलतो, मग तुम्हीच ठरवा चहा द्यायचा का.

त्यानं सगळं सांगितलं. काकाचं नाव घेतलं नाही, सुई मी घेतली एवढंच म्हणाला. शाकिरचे हात थांबले नाहीत. कापूस भरून झाला, त्यानं गादीची शिवण घातली, दोरा दातानं तोडला. सईदचाचा खाली मान घालून बसून होते.

"शेवटच्या फेरीत तू मले मागं टाकून गेला," शाकिर म्हणाला. "रोज मी तुले मागं टाकत होतो. त्या दिवशी मले वाटलं, माह्यातच दम नाई. घरी येऊन बूट टाकून देल्ले. तवापासून मी पळालो नाई, दानी. मले वाटलं हेच खरं, आपन गाद्याच शिवायच्या."

हे दानीएलला माहीत नव्हतं. एक जागा घेतली, एवढंच त्यानं आजवर धरलं होतं. शाकिरचा स्वतःवरचा भरवसाही त्यानं नेला होता, आणि तो कचेरीत लिहून देऊन परत मिळणार नव्हता. तो उभ्या जागी रडायला लागला. इथं यायच्या आधी त्याला वाटत होतं, की सांगितलं की छाती हलकी होईल. ती हलकी झाली नाही.

"खोटं होतं ते," तो म्हणाला. "तू माह्याहून जोरात पळतं. हे सांगाले आलो. माफी मागायचं तोंड नाई मले."

"मागू नको. आज मले जमनार नाई." शाकिरनं दुसरी खोळ ओढली. "तुले कोनी धरलं होतं का? काऊन सांगून राह्यला?"

"आमच्यात भाकरीचं ताट फिरते," दानीएल म्हणाला. "त्यातला तुकडा मले उचलता नाई आला."

शाकिर खोळीत कापूस कोंबू लागला. सईदचाचांनी मान वर केली आणि बायकोला चहा आणायला सांगितलं. तो चहा तिघांनी घेतला. दानीएल निघाला तेव्हा शाकिर उठला नाही.

सोमवारी दानीएल बुलढाण्याला गेला आणि लिहून दिलं. समोरच्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं आणि कळवू म्हणाले. आबा त्याच्याबरोबर एसटीनं गेले होते. परतीच्या वाटेवर नातू खिडकीला डोकं टेकून झोपला आणि आबा चिखलीपासून मेहकरपर्यंत त्याच्याकडं पाहत बसले. बऱ्याच दिवसांनी पोरगा असा झोपला होता.

पुढचा महिना अवसरमोलांना जड गेला. सिलास आणि दानीएल एका घरात राहून बोलत नव्हते. गावातली दोन माणसं बातमी काढायला आली, त्यांना कोकिळानं दारातूनच वाटेला लावलं. आणि तीच कोकिळा खिचडी ढवळताना झुंबरबाईला म्हणाली, की माझं पोरगं वेडं आहे, पण माझंच आहे. कचेरीकडून दानीएल आणि शाकिर दोघांनाही काही कळवलेलं नव्हतं. एका पहाटे लोणार रोडवर दानीएलला पुढं कुणीतरी पळताना दिसलं. तो शाकिर होता, नवे बूट घातलेला. दानीएल त्याच्या मागं अंतर ठेवून पळत राहिला. आठवड्याभरानं शाकिर एका वळणावर थांबला आणि दानीएल जवळ येईपर्यंत त्यानं वाट पाहिली. मग तो त्याच्या बरोबरीनं पळू लागला.

आबांना नातवानं हे सांगितलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की येत्या पहिल्या रविवारी कोहळं पुकारायचं. कोहळं महिनाभर मेजापाशी तसंच होतं. झाडणारी बनाबाई त्याच्या कडेकडेनं झाडत असे. महिना झाला तरी त्याला काही झालं नव्हतं, देठ तेवढा वाळला होता.

रविवार आला. आबा रांगेच्या टोकाला उभे राहिले आणि नेहमीचं वाक्य बोलले, या वेळी जरा हळू. ताट दानीएलकडं आलं. त्यानं ते थोडा वेळ धरून ठेवलं, मग भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. बायकांच्या बाकांवर कोकिळानं तोंडाला पदर लावला. आबांचे डोळे भरून आले आणि त्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

ताट सिलासकडं गेलं. सिलासनं आजवर कधी ताट सोडलं नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्याकडं पाहत राहिला. शेजारच्या माणसानं हात पुढं केला तरी सिलास हलला नाही. मग त्यानं काही न उचलता ताट पुढं दिलं. दानीएलनं काकाकडं पाहिलं आणि बाकावरचा त्याचा हात धरला. सिलासनं तो सोडवून घेतला नाही.

उपासना सुटल्यावर लोक अंगणात जमले. लिलावाची गोष्ट सगळ्यांना कळली होती, सईदचाचांचा शाकिरसुद्धा फाटकापाशी येऊन उभा होता. आबा कोहळ्याला हात लावणार तोच सिलास त्यांच्याजवळ आला. तो आयुष्यात पहिल्यांदा बापापुढं खाली पाहून बोलत होता.

"आबा, आज काढू नका," तो म्हणाला. "ते अजून काही दिवस राहू द्या. माह्या नावानं."